‘आम्ही’ आणि ‘आपण’ : लिंकनच्या दुसऱ्या अभिभाषणातील सर्वनामविचार

अब्राहम लिंकनने ४ मार्च १८६५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना केलेले अभिभाषण इंग्रजी वक्तृत्वाचा एक आदर्श म्हणून वाचले जाते. ते जेमतेम सातशे शब्दांचे आहे. त्याचा गौरव बहुधा शेवटच्या परिच्छेदावरून होतो. कोणाविषयीही आकस नसावा, सर्वांविषयी प्रेमभाव असावा, अशा आशयाचे ते वाक्य इतके उद्धृत झाले आहे की उरलेले भाषण त्याची प्रस्तावना असावी असे वाटू लागते. परंतु हे वाक्य सुटे काढले म्हणजे सद्भावनेचा एक उद्गार तेवढा हाती उरतो. आणि निवडणूक जिंकलेले पुरुष सद्भावनेचे उद्गार नेहमीच काढीत आले आहेत. ह्या भाषणाचे सामर्थ्य त्याच्या सर्वनामांच्या योजनेत आहे, आणि त्याची उणीवही तेथेच आहे. एका व्याकरणिक योगायोगामुळे मराठी वाचकाला ह्या दोन्ही गोष्टी इंग्रजी वाचकाहून अधिक स्पष्टपणे दिसू शकतात.

तो योगायोग असा. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी इंग्रजीत एकच सर्वनाम आहे. संस्कृतातही ‘वयम्’ हे एकच रूप आहे. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन आहेत. पहिले श्रोत्याला वगळते, दुसरे त्याला सामावून घेते. हा भेद तमिळ, तेलुगू ह्या द्राविड भाषांत आहे, गुजराथीतही आहे. त्यामुळे इंग्रजी वक्ता जे संदिग्ध ठेवू शकतो ते मराठी भाषांतरकाराला उघड करावेच लागते. ‘आपण’चा आदरार्थी द्वितीयपुरुषी उपयोग येथे बाजूस ठेवता येईल; ‘आपण म्हणता’ आणि ‘आपण म्हणतो’ यांतील फरक क्रियापदच सांगते.

भाषणाकडे वळण्यापूर्वी ज्या निवडणुकांच्या वातावरणात ते घडले त्यांचा थोडा विचार आवश्यक आहे. लिंकन कोणत्याही चर्चचा सभासद नव्हता. १८४६ साली तो इलिनॉय राज्यातून काँग्रेसच्या निवडणुकीस उभा राहिला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी पीटर कार्टराइट हा गावोगाव घोड्यावरून हिंडणारा मेथॉडिस्ट उपदेशक होता. आणि लिंकन धर्माची टवाळी करणारा आहे अशी कुजबूज मतदारसंघात पसरली. लिंकनने छापील पत्रक काढून तिला उत्तर दिले. पत्रक वकिली सावधपणाने लिहिलेले आहे. आपण कोणत्याही ख्रिस्ती चर्चचे सभासद नाही हे तो मान्य करतो. पवित्र शास्त्राचे सत्यत्व आपण कधी नाकारलेले नाही, धर्माविषयी बुद्ध्या अनादराने कधी बोललेलो नाही, असे सांगतो. काय नाकारले नाही ते सांगितले. काय मानतो ते सांगितले नाही. निवडणूक तो जिंकला. श्रद्धेविषयी चारचौघांत बोलताना शब्द मोजून वापरण्याची सवय मात्र त्याला जन्माची जडली, असे पुढील लेखनावरून म्हणता येते.

त्याच्या सभोवार असा संयम दुर्मिळ होता. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये मेथॉडिस्ट पंथात व १८४५ मध्ये बॅप्टिस्ट पंथात फूट पडली होती. देश फुटण्यापूर्वी चर्चे फुटली होती. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस न्यू ऑर्लीन्स येथे बेंजामिन पामर ह्या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने आभारदिनाच्या प्रवचनात सांगितले, की गुलामगिरीची संस्था जतन करून चिरस्थायी करणे ही दक्षिणेवर ईश्वराने सोपविलेली ठेव आहे. प्रवचनाला निमित्त निवडणुकीचे आणि निष्कर्ष ईश्वरी नेमणुकीचा! पुढे फुटून निघालेल्या राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःची राज्यघटना केली, तेव्हा तिच्या प्रस्तावनेत सर्वशक्तिमान ईश्वराच्या कृपेची याचना घातली. १७८७ च्या मूळ घटनेत असे आवाहन नव्हते, आणि ही उणीव उत्तरेतल्या धर्मनिष्ठांनाही बोचत होती. घटनेत ईश्वराचा व ख्रिस्ताचा निर्देश करावा अशी मागणी घेऊन एक शिष्टमंडळ १८६४ च्या फेब्रुवारीत लिंकनला भेटले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मात्र त्याच वर्षी दोन सेंटांच्या नाण्यावर ईश्वरावरील विश्वासाचे वचन प्रथम उमटले. ते उमटविण्यात पुढाकार घेणारा कोषमंत्री सामन चेस हाच पुढे सरन्यायाधीश झाला, आणि ४ मार्च १८६५ रोजी लिंकनला शपथ त्यानेच दिली.

१८६४ ची निवडणूक चालू यादवी युद्धात झाली. २३ ऑगस्ट रोजी लिंकनने एका कागदावर लिहून ठेवले की हे सरकार पुन्हा निवडून येईल असा संभव फार थोडा दिसतो. कागद घडी घालून त्याने मंत्र्यांपुढे ठेवला आणि न वाचताच त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या. सप्टेंबरच्या आरंभी अटलांटा शहर पडले, वारे फिरले, आणि नोव्हेंबरात मॅक्लेलनला २१ तर लिंकनला २१२ निर्वाचक मते मिळाली. असा विजय मिळाल्यावर ईश्वर आपल्या बाजूस आहे असे म्हणण्यास राजकीय पुरुषाला आणखी काय हवे असते? त्या दिवशी कॅपिटलच्या पूर्व दरवाजासमोर चिखलात उभ्या असलेल्या जनसमुदायाला ऐकावयाचे असलेच तर तेच ऐकावयाचे असणार.

लिंकनने ते म्हटले नाही. न म्हणण्याची त्याची रीत व्याकरणात पाहावी. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या अभिभाषणाशी तुलना केली तर फरक चटकन ध्यानात येतो. १८६१ चे भाषण सुमारे साडेतीन हजार शब्दांचे आहे आणि ते ‘मी’ व ‘तुम्ही’ ह्यांच्यामधील भाषण आहे. असंतुष्ट देशबांधवांना उद्देशून वक्ता सांगतो की युद्धाचा निर्णय तुमच्या हाती आहे, माझ्या नाही. १८६५ च्या भाषणात ‘तुम्ही’ एकदाही नाही. ‘मी’ एकदाच येतो, तोही पहिल्या परिच्छेदातील एका आनुषंगिक वाक्यांशात. पुढे तो लोपतो. त्याच्या जागी विभाजक सर्वनामे येतात: दोन्ही, प्रत्येक, कोणताही नाही, सर्व. सर्वांना युद्धाची धास्ती होती. ते टाळण्याची धडपड सर्वांनी केली. ते इतके मोठे व इतके दीर्घ होईल अशी अपेक्षा कोणत्याही पक्षाने केली नव्हती. प्रत्येकाला सोपा विजय हवा होता. ज्या दिवशी जेत्याने ‘आम्ही’ म्हणावयाचे त्या दिवशी तो ‘दोन्ही’ म्हणत आहे.

परंतु पहिल्या परिच्छेदातच भाषांतरकारापुढे एक अडचण उभी राहते. तेथे लिंकन लष्करी प्रगतीचा ओझरता उल्लेख करतो. त्या फौजा ‘आपल्या’ की ‘आमच्या’? समोर उभा असलेला श्रोता उत्तरेचा आहे. त्याला अनुलक्षून ‘आपल्या’ म्हणावे. पण भाषणाचे संबोधन ‘देशबांधवांनो’ असे आहे, आणि दक्षिणेची राज्ये कायद्याने संघराज्याबाहेर कधी गेलीच नाहीत ही तर लिंकनची आरंभापासूनची भूमिका. मग जॉर्जियातील किंवा व्हर्जिनियातील वाचकही देशबांधवच ठरतो, आणि त्याच्यापुढे ‘आपल्या फौजा’ हे शब्द क्रूर थट्टेचे होतील. तेथे ‘आमच्या’ हेच प्रामाणिक रूप आहे. म्हणजे भाषण ‘आम्ही’ने सुरू होते आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘आपण’पाशी येते. इंग्रजी शब्द दोन्हीकडे तोच राहतो. म्हणून हा प्रवास इंग्रजी कानाला ऐकू येत नाही.

ह्या प्रवासाचा सांधा एका अत्यंत लहान वाक्यात आहे. दोन्ही पक्षांची वृत्ती सांगून झाल्यावर लिंकन एवढेच म्हणतो की युद्ध आले. मराठीत सहज सुचणारी क्रियापदे ‘पेटले’, ‘जुंपले’ अशी आहेत, आणि ती सर्व येथे चुकीची ठरतील. ‘येणे’ हे क्रियापद मराठीत पाऊस, पूर, साथ, मरण ह्यांच्याबरोबर येते. त्याला मानवी कर्ता लागत नाही. मूळ वाक्यातील कर्त्याची ही रिकामी जागा हेतुपूर्वक ठेवलेली आहे, कारण पुढच्या परिच्छेदात ती भरली जाणार आहे. हे भयंकर युद्ध उत्तर व दक्षिण ह्या दोघांनाही ईश्वरानेच दिले असे जर मानले तर, असा विचार तेथे येतो. कर्ता सापडला, पण तो ‘जर’च्या पोटात सापडला. ही ‘जर’ची अट विसरून ह्या भाषणाला भविष्यवादी संदेष्ट्याची वाणी म्हणणारे टीकाकार त्याच्यावर अन्याय करतात. संदेष्टा ‘जर’ म्हणत नाही.

आता भाषणाच्या मध्यावर येऊ. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याविरुद्ध त्याचे साहाय्य मागतो, असे लिंकन म्हणतो. हे विधान वरकरणी निरीक्षणाचे आहे. पण त्याने प्रार्थनेच्या व्याकरणालाच हात घातला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेत देवाला ‘आमच्या’ म्हणूनच हाक मारली जाते, ‘आपल्या’ म्हणून कधीच नाही. आणि हे बिनचूक आहे, कारण प्रार्थनेचा श्रोता देव असतो आणि याचकांच्या समूहात त्याची गणना होत नाही. प्रार्थनेतील ‘आम्ही’ देवासमोर नम्रपणे वेगळे उभे राहते. मात्र हीच प्रार्थना सभामंचावरून, निवडणुकीच्या दिवसांत, विरोधकाच्या कानावर पडेल अशी केली की ‘आम्ही’च्या बाहेर देवाऐवजी शेजारी जाऊन पडतो. व्याकरण तेच, वगळलेला मात्र बदलला. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीची मतमोजणी ६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसपुढे मान्यतेसाठी चालू असता त्याच कॅपिटलमध्ये जमाव घुसला. कोणी क्रूस आणले होते, कोणी येशूच्या नावाचे फलक. सिनेटच्या सभागृहात शिरलेल्यांपैकी काहींनी ही संधी ‘आम्हांला’ दिल्याबद्दल स्वर्गीय पित्याचे मोठ्याने आभार मानले. त्या ‘आम्हां’तून कोण वगळले गेले होते हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही.

लिंकनची कृती ह्याच्या उलट आहे. तो व्यासपीठावरून प्रार्थना करीत नाही, प्रार्थनेविषयी बोलतो. दोन छावण्यांतील दोन ‘आम्ही’ तो शेजारीशेजारी ठेवतो, दोघांच्याही प्रार्थना पूर्णपणे फळाला आल्या नाहीत हे नोंदवितो, आणि सर्वशक्तिमानाचे हेतू त्याचे स्वतःचे आहेत असे म्हणतो. त्यानंतर जे प्रथमपुरुषी सर्वनाम येते ते ‘आपण’च असू शकते. युद्धाचा हा प्रकोप लवकर निघून जावा अशी आशा आपण करतो, अशी विनवणी आपण करतो: हे वाक्य रिचमंडमध्ये वाचले तरी खोटे ठरत नाही.

ह्यावरून हे भाषण दोघांनाही समान मापाने मोजते असा समज होऊ नये. निःपक्षपातीपणा आणि तटस्थता ह्यांत लिंकन गल्लत करीत नाही. एक पक्ष राष्ट्र टिकू देण्याऐवजी युद्ध पुकारावयास तयार होता, दुसरा ते नष्ट होऊ देण्याऐवजी युद्ध पत्करावयास तयार होता. ‘पुकारणे’ आणि ‘पत्करणे’ ह्या दोन क्रियापदांत सगळा निवाडा आहे. तसेच दुसऱ्यांच्या घामातून स्वतःची भाकर पिळून काढण्यासाठी न्यायी ईश्वराची मदत मागण्याचे धाडस माणसे करतात ह्याचे नवल वाटेल, असे तो प्रथम म्हणतो आणि लगेच येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील आज्ञेचा आधार घेऊन सुचवितो की न्याय करणे आपण सोडून द्यावे. उत्पत्तीच्या पुस्तकात घाम आणि भाकर ह्यांचा शाप प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या कपाळी आहे. गुलामांचे मालक तो दुसऱ्याच्या कपाळी लोटतात. बायबल जाणणाऱ्या श्रोत्याला हे दंशासारखे लागले असणार. दंश करून मग क्षमेचे वचन उच्चारणे हे थोडे वकिलीच आहे, आणि त्या वाक्यात उपरोध अजिबात नाही असे म्हणणे कठीण आहे. परंतु वचनाचा रोख पाहावा: न्याय करू नये तो आपला न्याय होऊ नये म्हणून. आरोपीच्या पिंजऱ्यात उत्तरही येऊन उभी राहते, कारण लिंकन पुढे जिचे नाव घेतो ती ‘दक्षिणेची’ गुलामगिरी नव्हे, ‘अमेरिकन’ गुलामगिरी. एका विशेषणाने त्याने न्यूयॉर्कचे कापूस व्यापारी आणि न्यू इंग्लंडच्या गिरण्या आत घेतल्या.

ईश्वराविषयीच्या ह्या चिंतनात आणखी एक सर्वनाम लक्षणीय आहे. दोन्ही पक्षांना दंड मिळाला असे मानले तर त्यात, जिवंत ईश्वरावर विश्वास ठेवणारे लोक त्याला जे गुण लावतात त्यांच्याशी विसंगत असे काही आहे काय, असा प्रश्न तो विचारतो. विश्वास ठेवणारे ‘ते’, ‘आपण’ नव्हे. बायबलच्या भाषेत इतका भिजलेला हा वक्ता श्रद्धावंतांच्या मंडळीची गोष्ट तृतीयपुरुषात सांगतो. १८४६ च्या पत्रकातील माणूस येथे ओळखू येतो. आणि ज्याची दोन वचने भाषणाला पेलून धरतात त्या येशूचे नाव भाषणात कोठेही नाही. ह्याला श्रद्धेचा अभाव म्हणण्यापेक्षा अधिकाराच्या जागेवरील संकोच म्हणणे योग्य होईल.

ह्या संकोचाची किंमत कळण्यासाठी एक समकालीन भाषण शेजारी ठेवावे. सुमारे सहा आठवड्यांनी, १४ एप्रिल १८६५ रोजी, फोर्ट सम्टर येथे ध्वज पुन्हा उभारण्याच्या प्रसंगी हेन्री वॉर्ड बीचर हा उत्तरेचा विख्यात धर्मोपदेशक बोलला. युद्धाचा सारा दोष त्याने दक्षिणेच्या सुशिक्षित, कारस्थानी पुढाऱ्यांवर ठेवला आणि अखेरच्या न्यायाच्या दिवशी ईश्वर त्यांना कसा अधःपाताला ढकलील ह्याचे चित्र रंगविले. बीचर गुलामगिरीचा जुना शत्रू होता. त्याचा पक्ष न्याय्य होता. तरीही त्याचे ‘आम्ही’ आणि पामरचे ‘आम्ही’ ह्यांची घडण एकच आहे. त्याच रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली. त्यापूर्वी १५ मार्च रोजी थर्लो वीड ह्या राजकीय सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात लिंकनने म्हटले होते की हे भाषण तत्काळ लोकप्रिय होणार नाही. ईश्वराचा हेतू आणि आपला हेतू ह्यांत अंतर आहे असे दाखविलेले लोकांना रुचत नाही.

येथवर भाषणाची बाजू झाली. आता त्याच्या ‘आपण’ला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. त्या सर्वनामात गुलाम आहेत काय? १८६० च्या जनगणनेप्रमाणे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येत सुमारे ४० लाख गुलाम होते. भाषणात ते येतात ते लोकसंख्येचा एक अष्टमांश म्हणून. ते एक ‘हितसंबंध’ होते, आणि तोच काहीतरी युद्धाचे कारण होता. पुढे अडीचशे वर्षांच्या बिनमोल श्रमाने साचविलेली संपत्ती आणि चाबकाने काढलेला रक्ताचा प्रत्येक थेंब ह्यांचा उल्लेख येतो तेव्हाही गुलाम हा ज्याचे देणे आहे असा धनको असतो. बोलणारा किंवा ऐकणारा नसतो. प्रार्थना करणाऱ्या दोन पक्षांत तिसरा पक्ष मोजलेला नाही. मळ्यांवरच्या झोपड्यांतून रात्री चोरून केलेल्या प्रार्थनाही त्याच देवाकडे जात होत्या, आणि त्या वर्षी फळाला येत होत्या त्या त्यांच्याच. दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या झाल्या नाहीत हे लिंकनचे विधान दोघांपुरतेच खरे आहे.

ह्यावर असा बचाव संभवतो की हे ‘आपण’ अपराधकबुलीचे आहे, आणि ज्याच्यावर अपराध झाला त्याला कबुलीत ओढणे हाच दुसरा अपराध झाला असता. हा बचाव बळकट आहे. तिसऱ्या परिच्छेदापुरता तो मान्यच करावा लागेल. परंतु चौथ्या परिच्छेदात सर्वनामाचे काम बदलते. ‘आपण हाती घेतलेले काम’ पुरे करावे, असे तेथे म्हटले आहे. ते काम म्हणजे युद्ध, आणि ते हाती घेतलेले ‘आपण’ म्हणजे पुन्हा उत्तर. लगेच राष्ट्राच्या जखमा बांधण्याची गोष्ट येते, तेथे ‘आपण’ म्हणजे दोन्ही बाजू. ज्याने लढाईचा भार सोसला त्याची, त्याच्या विधवेची व पोरक्या मुलाची काळजी घ्यावी, हे पुढे येते. त्या लढवय्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक होते, म्हणून ते तेथे आले असे म्हणता येईल. नावाने मात्र आलेले नाहीत. एकाच वाक्यात सर्वनाम तीनदा रुंदावते आणि आकुंचते. मराठी भाषांतरकार सर्वत्र ‘आपण’ लिहून मोकळा होईल, आणि मूळाच्या ह्या अस्थिरतेवर सफाईचा हात फिरवील.

फ्रेडरिक डग्लस त्या दिवशी श्रोत्यांत होता. पूर्वाश्रमीचा गुलाम असलेला हा वक्ता संध्याकाळी अध्यक्षांच्या निवासस्थानी गेला तेव्हा पोलिसांनी त्याला दारात अडविले. लिंकनला कळताच त्याने त्याला आत घेऊन भाषणाविषयी त्याचे मत विचारले आणि डग्लसने त्याची मनापासून प्रशंसा केली. पण ११ वर्षांनी, १४ एप्रिल १८७६ रोजी, वॉशिंग्टनमधील मुक्तिस्मारकाच्या अनावरणप्रसंगी त्याने गौरवर्णीय श्रोत्यांना सांगितले की लिंकनची लेकरे तुम्ही आहात. आम्ही फार तर त्याची सावत्र मुले. लिंकनने जी दोन सर्वनामे १८६५ मध्ये गाळली होती ती डग्लसने पुन्हा आणली, आणि हे ‘आम्ही’ मराठीत दुसऱ्या कोणत्याही रूपाने सांगता येणार नाही. त्याच भाषणात त्याने हेही म्हटले की देशाच्या एकूण भावनेच्या मापाने लिंकन त्वरित आणि निर्धाराने चालणारा होता. डग्लसचा निवाडा आजही सर्वांत समतोल वाटतो, आणि तो सर्वनाम नेमके वापरल्यामुळे समतोल आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अपरिचित नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांना उद्देशून आहे. पुस्तकाचा स्वर मात्र ज्यांना मुक्त व्हावयाचे आहे त्यांच्या ‘आम्ही’चा आहे. लिंकनच्या भाषणात जो तृतीयपुरुषात राहिला तो येथे प्रथमपुरुषात बोलतो.

भाषणाचा शेवट आपसांत आणि सर्व राष्ट्रांशी न्याय्य व टिकाऊ शांतता नांदावी ह्या अपेक्षेने होतो. ‘आपसांत’ हा शब्द मराठीत ‘आपण’च्याच कुळातला आहे, आणि भाषांतरकाराला तो आयताच मिळतो. पुढील बारा वर्षांत ह्या ‘आपसां’चा अर्थ हळूहळू ठरत गेला. १८७७ मध्ये दक्षिणेतून संघराज्याच्या फौजांचा पहारा उठला तेव्हा उत्तर आणि दक्षिण यांचे गोरे ‘आपण’ पुन्हा एक झाले होते, आणि मुक्त झालेल्यांचे मताधिकार एकेका राज्यात हिरावले जाऊ लागले. ३० मे १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकन स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याच्या उत्तरेकडील भिंतीवर हे अभिभाषण संपूर्ण कोरलेले आहे. समारंभाच्या वक्त्यांत रॉबर्ट मोटन हे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ होते. निमंत्रित कृष्णवर्णीय श्रोत्यांची बसण्याची जागा मात्र गौरवर्णीयांपासून वेगळी राखलेली होती.